सरांचे हस्ताक्षर

प्रा. शिवमूर्ती येरटे यांच्या संकेतस्थळावर दोन आवाज होते, आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम त्यांनी मुलीला घालून दिला होता. लोक सांगतात ते छापील अक्षरांत. स्वतःचं म्हणणं हातानं, लाल शाईत.

नांदेडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना सुटीच्या दिवशी ते एसटी धरायचे. कधी मुखेड, कधी कंधार, कधी पार देगलूरच्या पुढं. बांधावर आणि माळावर उगवणाऱ्या झाडपाल्याची गावोगावची नावं ते गोळा करत, आणि कोणत्या वाडीत कोणता पाला कशावर वापरतात तेही. लोकांचं बोलणं आपण दुरुस्त करू नये, जसंच्या तसं उतरवावं, असं त्यांचं मत होतं. पण लोक विष खायला सांगत असतील तर गप्प बसणंही त्यांना मान्य नव्हतं. मग ते कागदाची एक पट्टी फाडायचे, तिच्यावर लाल शाईनं आपलं म्हणणं लिहायचे आणि ती स्कॅन करून तिचं चित्र त्या झाडाच्या मजकुराखाली लावायचे.

त्यालाही कारण होतं. संकेतस्थळ पहिल्यांदा उभं राहिलं ते एका नेट कॅफेत. तेव्हा पडद्यावर मराठी दिसायची तर वाचणाऱ्याच्या संगणकात नेमका तोच फॉन्ट असावा लागे. नसला की सगळ्या मजकुराचा इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा व्हायचा. चित्राला फॉन्ट लागत नाही. "बाकीचं वाचता आलं न्हाई तरी चालंल," ते म्हणायचे, "धोक्याचं तेवढं सगळ्याला दिसलं पाहिजे."

पुढं त्यांची नजर अधू झाली आणि काम मुलीकडं, शिवकन्येकडं आलं. ती लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. ज्या कंपनीनं संकेतस्थळाला फुकट जागा दिली होती तिनं एक दिवस दुकान बंद केलं. शिवकन्येनं सगळं बिऱ्हाड दुसरीकडं हलवलं. जुना फॉन्ट मोडीत निघाला तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या, रफार गळाले. तिनं पान न् पान वाचून ते परत जागेवर आणले. मग लोक मोबाईलवर वाचायला लागले आणि पट्ट्या पडद्याबाहेर जायला लागल्या. त्या तिनं आखडून घेतल्या. दर वेळी अप्पांचा फोन यायचाच.

"लाल पट्ट्या जागेवर हायत ना?"

"आहेत, अप्पा."

"मग बाकी काही करा."

अप्पा लिंगैक्य झाले. उदगीरजवळच्या त्यांच्या गावी त्यांना बसवून, विभूती लावून, मातीआड करून सगळे परतले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत संकेतस्थळाची व्यवस्था पुन्हा बदलली. नवी व्यवस्था प्रत्येक चित्राबद्दल विचारत होती: चित्र दिसलं नाही तर त्याजागी कोणते शब्द वाचून दाखवायचे? शिवकन्येनं पहिली पट्टी उघडली. अप्पांचा 'ळ' नेहमीसारखा लोळण घेत होता. तिला ते शब्द तेव्हा बोटांनी पुन्हा लिहवले नाहीत. तिनं लिहिलं, 'सरांचे हस्ताक्षर', आणि सगळ्या पट्ट्यांना तेच लावून दिलं.

त्याला वर्ष होऊन गेल्यावर देविदासचा फोन आला. देविदास हा अप्पांचा जुना विद्यार्थी; मुखेडला बी-बियाणांचं दुकान चालवायचा.

"ताई, सर अजून शिकवून राहिलेत की!"

"काय झालं देविदास?"

"अहो, आईच्या गुडघ्याला काय करावं म्हणून मोबाईलला इचारलं. तर ती आतली बाई बोलली, प्राध्यापक शिवमूर्ती येरटे यांच्या मते निरगुडीचा शेक द्या. अंगावर काटा आला बघा. हजेरी घेऊन राहिलेत असं वाटलं. मी तर 'हाव सर' म्हणून बसलो."

"तू तर हजेरीला कधीच नसायचास म्हणे."

"तेवढं त्या बाईला कुठं ठाऊक हाय!"

शिवकन्या हसली, आणि फोन ठेवल्यावर तिनंही विचारून पाहिलं. तरोट्याची भाजी कशी करतात? बाईचा आवाज शांत होता, कुठल्याच गावचा नव्हता. "प्राध्यापक शिवमूर्ती येरटे यांच्या मते..." तिनं डोळे मिटून घेतले. पाला कोवळा असतानाच खुडावा, हे बरोबर होतं. अप्पांनी निवळी गावच्या एका बाईकडून ते लिहून आणलं होतं. आणि मग बाई म्हणाली, "या माहितीवर त्यांची स्वाक्षरी आहे."

अप्पांची सही? पगारपत्रक आणि रजेचा अर्ज सोडला तर अप्पांनी कशावर सही केलेली तिला आठवत नव्हती. कागदाचा कपटा आत गेल्यासारखं काहीतरी टोचलं. पण गेलेल्या माणसाचं नाव कुणी आदरानं घेत असलं की मधे बोलवत नाही. तिनं आणखी दोन झाडं विचारली, नुसतं नाव ऐकायला.

त्या सुमारास संकेतस्थळावर माणसं यायची थांबली. पूर्वी कुणी शाळामास्तर प्रश्न विचारी, परदेशी गेलेली एखादी मुलगी आजीच्या भाजीचं नाव शोधत येई, कुणी भांडायलाही येई की आमच्याकडं याला हे म्हणत नाहीत. आता पत्र नाही, भांडण नाही. आणि तरी जागा देणाऱ्या कंपनीची सूचना आली की वर्दळ फार वाढली आहे. शिवकन्येनं नोंदी उघडून पाहिल्या. कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचत होतं, क्षणभर न थांबता, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. एक गेलं की दुसरं. घरात दिवा नसावा आणि आतून पावलं ऐकू यावीत, तसं तिला झालं.

नांदेडला आईकडं गेली तेव्हा तिनं हे सांगितलं. नागम्मा ज्वारी निवडत होती.

"कोण गं येतंय एवढं?"

"माणसं नाहीत अव्वा. यंत्रं आहेत. वाचतात आणि लोकांना सांगतात."

"चहा तर पीत न्हाईत? मग येऊ दे. तुझ्या अप्पाचे विद्यार्थी आले की माझा साखरेचा डबा खाली व्हायचा." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "पण त्याला अप्पाचं अक्षर लागतं का? मला तर लगीन झाल्यापास्नं लागलं न्हाई. मुंग्याला वाट घावंना, असं अक्षर."

दोघी हसल्या. हसता हसता शिवकन्या थांबली, पण कशामुळं ते तिला पकडता आलं नाही, आणि विषय निघून गेला.

देविदासचा दुसरा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "ताई, आईला नांदेडला आणलंय. उलट्या थांबंनात. डॉक्टर इचारून राहिलेत काय खाल्लं, आणि मला सांगायला तोंड न्हाई."

"काय खाल्लं?"

"सरांनी सांगितलेलंच."

लातूरहून सुटणारी पहिली गाडी तिनं धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं; वाटेभर बांधाबांधावर काय उगवलंय याकडं आज तिचं लक्ष जात होतं, आणि बघवत नव्हतं. दवाखान्यात खाटेवर देविदासची आई, पंचफुलाबाई, डोळे मिटून पडल्या होत्या, ओठ कोरडे, हाताला सलाईन. देविदास बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता.

"खड्यानाग," तो म्हणाला.

खड्यानाग म्हणजे कळलावी. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल, आणि जमिनीत नांगरासारखा कंद.

"देविदास, तुला माहीत नव्हतं?"

"होतं की. कंधारला किल्ल्यामागं सरांनी दाखवलं होतं आमाला. हात लावू दिला न्हवता. पण हे बघा ना."

त्यानं मोबाईल पुढं केला. पडद्यावर उत्तर तसंच होतं. जुन्या वातावर कळलावीचा कंद दुधातून पोटात देतात, असं प्रा. शिवमूर्ती येरटे यांच्या संकेतस्थळावर नमूद आहे. या माहितीखाली सरांची स्वाक्षरी आहे.

"म्हटलं, सरांनी सही करून दिलंय म्हणजे मागाहून काही नवं सापडलं असंल. सर म्हणायचेच की, जुन्या वहीला चिकटून बसू नका. मी आपला जुनी वही धरून बसलो असं वाटलं मला."

"सही कधी केली असती त्यांनी? त्यांना जाऊन वर्ष उलटलं."

देविदासनं तिच्याकडं पाहिलं. जणू ही गोष्ट त्याला आत्ता कुणी सांगत होतं. "ते डोक्यातच आलं न्हाई, ताई. रोज बोलून राहिलेत की."

शिवकन्या बाकावर बसली. उत्तरातला एकच शब्द तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. 'सरांची.' बाहेरच्या जगात अप्पांना सर म्हणणारे पुष्कळ होते. पण संकेतस्थळावर अप्पा स्वतःला सर कशाला म्हणतील? तिथं तो शब्द फक्त एका ठिकाणी होता, आणि तो तिनंच लिहिला होता. 'सरांचे हस्ताक्षर.' मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण, मुंग्यांची ती वाट. हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही. बँकेतल्या फॉर्मवर तिनं तो शब्द आयुष्यभर पाहिला होता आणि त्याच्यापुढं सही करत आली होती. वाचायला येणाऱ्या यंत्रांनी जगातली हिंदी आधी वाचली होती, मराठी मागाहून. लाल पट्टीत काय लिहिलंय ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. वर लोकांचं बोलणं, खाली सरांची सही.

त्या पट्टीवर काय होतं ते तिला तोंडपाठ होतं. 'पोटात अजिबात नाही. हा कंद विष आहे. माणूस दगावतो.'

आणि पट्ट्या काय एकच होत्या? धोतरा होता, बिब्बा होता, रुईचा चीक होता; तरोट्याखालीसुद्धा 'जून पाला नको' अशी एक होती. जिथं जिथं अप्पांनी जीव तोडून 'नको' लिहिलं होतं, तिथं तिथं तिनं त्यांच्या सहीनं 'हो' म्हणून ठेवलं होतं.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले, आणि अप्पांच्या टेबलाशी बसून एकेक पट्टी उघडून टाइप करायला घेतली. नागम्मा दारात येऊन उभी राहिली.

"अप्पाचं अक्षर काढून टाकतीस का?"

"नाही अव्वा. ते राहू देते. खाली छापील अक्षरात तेच लिहिते."

"म्हणजे ते पण लोकावानीच दिसणार."

"हो."

नागम्मा दारातून वळली. आत गेली, आणि बऱ्याच वेळानं भांड्यांचा आवाज आला.

शिवकन्येनं अप्पांचे शब्द जसेच्या तसे उतरवले, कानामात्रेचा फरक न करता. 'सरांचे हस्ताक्षर' सगळीकडून पुसलं. आणि प्रत्येक इशाऱ्याच्या खाली कंसात एक ओळ घातली: 'टंकलेखन: शिवकन्या येरटे.' ग्रंथपालाची सवय. ज्याचा हात लागला त्याचं नाव लागलं पाहिजे. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, मेलेला माणूस टाइप करतो. ज्या कंपन्यांची ती उत्तरं होती त्यांनाही तिनं लिहिलं. आपला अभिप्राय मोलाचा आहे, असं उत्तर लगेच आलं, इतक्या लगेच की ते कुणी वाचलं नसणार हे उघड होतं.

पंचफुलाबाई वाचल्या. त्यांना घरी सोडल्यावर शिवकन्या मुखेडला भेटायला गेली. आठवडी बाजाराचा दिवस होता. दुकानात गर्दी होती आणि देविदास गिऱ्हाईकाकडं न बघता माल देत होता. मागच्या खोलीत म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. तो सरकला तेव्हा दिसलं, केस पुंजक्या-पुंजक्यानं गेले होते. उशीवर, वाकळेवर, सगळीकडं पांढरे केस पडले होते.

"विष उतरताना केस घेऊन जातं म्हणे डॉक्टर," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. आता कुणाला दाखवायचेत?"

"आजी, माझी चूक झाली. अप्पांनी ते खाऊ नका म्हणून लिहिलं होतं."

"सरांला बोल लावू नगं बाई."

"त्यांना नाही लावत. उलट..."

"सरांनी सांगितलं ते बराबरच असंल." पंचफुलाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. तो हलका होता, वाळल्या पानासारखा. "मलाच मानवलं न्हाई. येखाद्याला मानवतं, येखाद्याला न्हाई."

शिवकन्येनं पुन्हा समजावलं, पट्टी, यंत्र, सही, सगळं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्या गुडघ्याला काय सांगितलंय का त्यांनी?"

परतीच्या वाटेवर तिला पहिल्यांदा वाटलं की सगळं संकेतस्थळच बंद करावं. पण मग इशारेही गेले असते, आणि वाचून गेलेल्यांनी जे नेलं ते नेलंच होतं. दार लावून घेतलं म्हणजे चोरीला गेलेलं परत येत नाही. तिनं दार उघडं ठेवलं आणि वाट पाहिली. दर दोन-चार दिवसांनी ती कळलावीबद्दल विचारायची. उत्तर तेच यायचं, त्याच शांत आवाजात. एखादा शब्द इकडचा तिकडं व्हायचा, सही मात्र हलायची नाही.

आणि एका दुपारी उत्तर बदललं. ती वाचनालयात आपल्या टेबलाशी होती. तिनं ते आधी घाईनं वाचलं, मग सावकाश.

'कळलावीच्या कंदाबाबत मतभेद आहेत. प्रा. शिवमूर्ती येरटे यांनी तो जुन्या वातावर दुधातून देण्याची पद्धत स्वाक्षरीसह नोंदवली आहे. मात्र शिवकन्या येरटे यांच्या मते तो विषारी असून पोटात घेऊ नये. प्रा. येरटे हे वनस्पतिशास्त्राचे ज्येष्ठ अभ्यासक होते. शिवकन्या येरटे या ग्रंथपाल आहेत.'

अप्पांचे शब्द तिचे झाले होते, आणि अप्पांच्या नावावर उरलं होतं ते दूध आणि कंद.  कंसातली ती ओळ काढून टाकायला हवी होती. ती काढली तरी ते पुन्हा वाचून जाणार कधी, आणि वाचून म्हणणार काय, हे कुणाला विचारायचं?

तेवढ्यात फोन वाजला. संकेतस्थळावर आता तिचाच नंबर होता. पलीकडं एक बाई होती, श्वास लागलेली.

"येरटे सरांचं घर का?"

"मी त्यांची मुलगी. बोला."

"मी अयोध्या, कंधारच्या अलीकडून बोलून राहिले. आमच्या मालकाचं अंग आखडलंय, उठता-बसता येईना. मोबाईल म्हणून राहिला, सर म्हणतात घ्या, शिवकन्या मॅडम म्हणतात नगं. त्या मॅडम तुम्हीच का?"

"मीच. ताई, ऐका. तो कंद देऊ नका."

"पण सर तर घ्या म्हणलेत."

"सर तसं म्हणालेच नाहीत. लोक म्हणतात ते वर आहे, त्यांनी खाली हातानं..." ती थांबली. व्हरांड्यात देविदासला समजावलं होतं, मुखेडला पंचफुलाबाईंना समजावलं होतं. पट्टी आणि फॉन्ट आणि हस्ताक्षर, एवढं सांगेपर्यंत या बाईच्या चुलीवर काय उकळत असेल? "कंद आणलाय का तुम्ही?"

"आणून, धुवून ठेवलाय. दूध तापून राहिलंय. म्हणून तर म्हटलं, एक डाव इचारावं. बाप एक म्हणतो, लेक एक म्हणती. कुणाचं ऐकावं ओ माणसानं?"

"माझं ऐका."

"तुम्ही डॉक्टर हाव का?"

"नाही."

"झाडपाल्यातलं शिकलाव का?"

"नाही. पण..."

"मग सरांला काय कमी कळत होतं का, बाई?" बाईच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कोडं पडलं होतं.

शिवकन्येपुढं अप्पांचं नाव होतं. तिनं ते आयुष्यात कधी खाली पडू दिलं नव्हतं. रफार गळाले, फॉन्ट गेले, कंपन्या बुडाल्या, ते नाव तिनं जपून, पुसून, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेलं होतं.

"सर चुकले," ती म्हणाली.

"काय म्हणलाव?"

"सर चुकले. त्यांना कळलं नाही. मी मुलगी आहे त्यांची, मी सांगते. कंद फेकून द्या, दूध ओतून द्या."

 पलीकडं कुणी पुरुष कण्हला. मग बाईनं फोन तोंडापासून दूर धरला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला, घरातल्या कुणाला तरी सांगणारा.

"लेक न्हाई म्हणती. म्हणती, सर चुकले." आणि जरा थांबून, "सर कसे चुकतील?"

"ताई!" शिवकन्या म्हणाली. उत्तर आलं नाही. फोन चालू होता. भांडं उतरवल्याचा आवाज आला, की चढवल्याचा, ते कळेना. ती खुर्चीवरून उठली होती हे तिच्या लक्षात आलं नाही. "ताई, ऐकताय ना? सर चुकले! सर चुकले!"

वाचनालयात टेबलाटेबलांवरच्या माना वर झाल्या. समोर भिंतीवर 'शांतता राखा' असं तिनंच लावलेलं होतं. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि आणखी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, पुन्हा तेच म्हणाली.